चमचाभर समुद्रात पाच कोटी!

बीचवर लाटेत उड्या मारताना नाकातोंडात गेलेलं पाणी नुसतं खारट नसतं. त्यात जगातली सगळ्यात मोठी ‘गर्दी’ असते. माणसांची नव्हे, विषाणूंची! ही गर्दी आपल्याला काही करत नाही. पण तिच्यावाचून आपलं काही चालतही नाही...

आमच्या ऑफिसच्या ग्रुपमध्ये एक जण धनजचा आहे. धनज कुठे? वाशीम जिल्हा, कारंजा तालुका. कपाशी, तूर, सोयाबीनचा मुलूख. तिथून अरबी समुद्र जवळपास पाचशे किलोमीटर. नोकरीसाठी पुण्याला येईपर्यंत पठ्ठ्यानं समुद्र फक्त टीव्हीत पाहिला होता. गोव्याच्या ट्रिपमध्ये पहिलीच मोठी लाट अंगावर आली आणि साहेब दोन घोट पाणी पिऊनच वर आले. खोकून झाल्यावर पहिलं वाक्य : “अबे, हे तं निरा मिठाचं पाणी हाये!” आणि दुसरं : “यात अजून काय काय असते बे?”

सगळे हसले. कुणी म्हणालं मासे, कुणी म्हणालं प्लास्टिक, कुणी म्हणालं बियरचे कॅन. प्रश्न मात्र भारी होता. म्हणून ट्रिपवरून आल्यावर त्याचं खरं उत्तर शोधायला बसलो, आणि झोप उडाली.

मोजायला गेलं तर...

किनाऱ्याजवळच्या समुद्राचं पाणी एक मिलीलिटर घ्या. म्हणजे साधारण वीस थेंब. त्यात दहा लाखांच्या आसपास बॅक्टेरिया असतात. आणि विषाणू? एक कोटीच्या घरात! आकडा जागेनुसार, मोसमानुसार कमीजास्त होतो, पण ढोबळ हिशेब हाच : एका बॅक्टेरियामागे दहा विषाणू. चहाचा चमचा पाच मिलीचा धरला तर चमच्यात पाच कोटी. आपल्या कटिंगच्या ग्लासात समुद्राचं पाणी भरलं तर शंभर कोटी. भारताच्या निम्म्याहून जास्त लोकसंख्येइतकी गर्दी एका टपरीच्या ग्लासात!

घाबरू नका. यातले बहुतेक सगळे विषाणू माणसाकडे ढुंकूनही पाहत नाहीत. त्यांचं गिऱ्हाईक वेगळं आहे : बॅक्टेरिया, म्हणजे जिवाणू. अशा विषाणूंना बॅक्टेरियोफेज म्हणतात, लाडानं नुसतं ‘फेज’. (आयुष्यातली ‘बॅड फेज’ वेगळी, हा फेज वेगळा!) ग्रीक भाषेतल्या ‘खाणे’ या शब्दावरून हे नाव आलं. फ्रेडरिक ट्वोर्टनं १९१५ मध्ये आणि फेलिक्स देरेलनं १९१७ मध्ये त्यांचा शोध लावला. नाव देरेलनं दिलं.

गंमत म्हणजे समुद्रात फेज असतात हे १९५५ पासून माहीत होतं, पण ते इतके असतील असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. कारण मोजायची पद्धत अशी की आधी प्रयोगशाळेत बॅक्टेरिया वाढवायचा, मग त्यावर समुद्राचं पाणी टाकायचं आणि बॅक्टेरिया मरून किती ठिकाणी गोल चट्टे पडतात ते पाहायचं. पण समुद्रातले बहुसंख्य बॅक्टेरिया प्रयोगशाळेतल्या बशीत वाढायलाच तयार नसतात. यजमानच नाही तर पाहुणा कसा दिसणार?

१९८९ मध्ये नॉर्वेतल्या बर्गेन विद्यापीठाच्या चमूनं हा सगळा खटाटोप बाजूला ठेवला आणि पाण्यातले कण सरळ इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली मोजले. काही नमुन्यांत एका मिलीलिटरमागे तब्बल २५ कोटी विषाणू सापडले. ‘नेचर’मध्ये हे छापून आलं आणि सागरी जीवशास्त्राचं पुस्तक नव्यानं लिहायची वेळ आली.

शिफ्ट ड्यूटी, चोवीस तास

फेजचं काम कसं चालतं? तो बॅक्टेरियाच्या अंगावर चिकटतो आणि आपला डीएनए आत सोडतो. आत गेलेला डीएनए बॅक्टेरियाची सगळी यंत्रणा ताब्यात घेतो. कंपनी टेकओव्हर म्हणा ना! कालपर्यंत स्वतःसाठी राबणारा बॅक्टेरिया आज फेजच्या कॉपी काढायला लागतो. काही तासांत डझनावारी, कधी शेकड्यानं नवे फेज तयार होतात, बॅक्टेरिया फुटतो आणि नवी पलटण पुढच्या गिऱ्हाइकाच्या शोधात निघते.

शास्त्रज्ञांचा अंदाज आहे की समुद्रातल्या सूक्ष्मजीवांच्या एकूण वजनापैकी सुमारे वीस टक्के रोज या विषाणूंमुळे मरतं. रोज! म्हणजे दर पाच दिवसांनी अख्खा स्टाफ बदलल्यासारखं. आता हे ऐकून वाटेल की फेज म्हणजे समुद्राचा व्हिलन. पण फुटलेल्या बॅक्टेरियाच्या आतला माल, कार्बन, नायट्रोजन, फॉस्फरस, लोह, पुन्हा पाण्यात मिसळतो आणि उरलेल्या बॅक्टेरियांना, वनस्पती-प्लवकांना खत म्हणून मिळतो. गावाकडचा उकिरडा जसा शेताला लागतो तसंच. पृथ्वीवर तयार होणाऱ्या प्राणवायूपैकी साधारण निम्मा समुद्रातले हे सूक्ष्म हिरवे जीव तयार करतात. म्हणजे आपल्या श्वासाच्या हिशेबातही फेजचं नाव कुठेतरी आहेच.

आणि एक विषाणू तर याच्याही पुढे गेला. समुद्रात सूर्यप्रकाशावर जगणारे बॅक्टेरिया असतात. त्यांना गाठणाऱ्या फेजच्या डीएनएत २००३ मध्ये चक्क प्रकाशसंश्लेषणाचे जीन सापडले! विषाणूला ऊन काय करायचंय? तर त्याला बॅक्टेरिया मरेपर्यंत त्याचं ‘सोलर पॅनल’ चालू ठेवायचं असतं. कॉपी काढायला वीज नको का? कधीकाळी यजमानाकडून उचललेला जीन विषाणूनं जपून ठेवला आणि त्याच्याच विरुद्ध वापरला.

प्रत्येकाचा डीएनए वेगळा

आता खरा मुद्दा. संख्या जाऊ द्या, पण हे सगळे एकाच छापाचे असते तर विषय तिथेच संपला असता. ते तसे नाहीत.

बॅक्टेरिया ओळखायला एक सोपी युक्ती आहे. सगळ्या बॅक्टेरियांमध्ये एक ठरावीक जीन असतोच, तो वाचला की कोण कुठल्या घराण्याचा ते कळतं. पॅन कार्डच म्हणा. विषाणूंमध्ये असा एकही जीन नाही जो सगळ्यांकडे असेल. मग करायचं काय? पाणी बारीक गाळणीतून गाळायचं. गाळणीची भोकं मिलिमीटरच्या जवळपास पाच हजाराव्या भागाएवढी, म्हणजे बॅक्टेरिया अडकतात आणि बरेचसे विषाणू पार होतात. मग जो काही डीएनए हाती येईल तो सगळाच्या सगळा वाचून काढायचा. हे म्हणजे हजारो वर्तमानपत्रं श्रेडरमध्ये घालून, चिंध्यांवरून बातम्या जुळवण्यासारखं काम आहे.

२००२ मध्ये अमेरिकेत सॅन डिएगोच्या किनाऱ्यावर हे पहिल्यांदा झालं. दोन जागी प्रत्येकी २०० लिटर पाणी घेतलं. हाती आलेल्या डीएनएच्या तुकड्यांपैकी ६५ टक्क्यांहून जास्त तुकडे तोवर जगात नोंद झालेल्या कशाशीच जुळेनात. त्या पाण्यात विषाणूंचे किमान ३७४ आणि जास्तीत जास्त ७,११४ प्रकार असावेत असा हिशेब निघाला. बीचवरचं दोनशे लिटर पाणी, आणि त्यात अर्ध्याहून जास्त मजकूर कुणीच कधी न वाचलेला!

पुढे ‘तारा’ नावाची फ्रेंच शिडाची बोट २००९ ते २०१३ या काळात जगभरच्या समुद्रांतून फिरली. आपल्या अरबी समुद्रातूनही तिनं नमुने घेतले. या मोहिमेतून २०१६ पर्यंत समुद्री विषाणूंचे साधारण १५ हजार गट नोंदले गेले होते. २०१९ मध्ये उत्तर ध्रुवापासून दक्षिण ध्रुवापर्यंतचे नमुने एकत्र वाचले तेव्हा आकडा झाला १ लाख ९५ हजार ७२८.

एवढं वैविध्य येतं कुठून? भांडणातून! फेज जसा हल्ला करतो तसा बॅक्टेरियाही स्वस्थ बसत नाही. तो आपल्या अंगावरचं ‘कुलूप’ बदलतो. मग फेज नवी किल्ली करतो. पुन्हा कुलूप, पुन्हा किल्ली. करोडो वर्षं हा खेळ चालू आहे. शिवाय यात एक मजेदार नियम आहे : जो बॅक्टेरिया सगळ्यात जास्त माजतो, त्याचाच फेज सगळ्यात जोरात वाढतो, कारण गिऱ्हाईक पावलोपावली. मग तो बॅक्टेरिया खाली येतो आणि दुसऱ्याला संधी मिळते. कुणा एकाची दादागिरी समुद्रात फार दिवस चालत नाही. (आपल्या ऑफिसात हा नियम कधी लागू होणार?)

दोना पावलापासून कोचीपर्यंत

गोव्याला गेलात की दोना पावलाच्या जेट्टीवर फोटो काढताच. ‘एक दुजे के लिए’पासून ती जागा फेमस. पण त्याच टेकडीवरची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, म्हणजे एनआयओ, किती जणांनी पाहिली? १९६६ मध्ये सुरू झालेली ही संस्था आपल्या समुद्राची कुंडली मांडते. मुंबई, कोची आणि विशाखापट्टणमलाही तिची केंद्रं आहेत.

आपला किनारा या अभ्यासासाठी खास आहे, कारण इथे पावसाळा आहे. युरोप-अमेरिकेच्या पुस्तकांत न बसणारी गोष्ट! जूनमध्ये मांडवी, झुआरी, सावित्री, वाशिष्ठी दुथडी भरून येतात. खाडीतलं खारं पाणी काही दिवसांत जवळजवळ गोडं होतं. खाऱ्या पाण्यातले बॅक्टेरिया मागे हटतात, नदीबरोबर आलेले मातीतले बॅक्टेरिया पुढे येतात. गिऱ्हाईक बदललं की दुकानदारही बदलणारच. एनआयओच्या कोची केंद्रातल्या संशोधकांनी कोचीच्या खाडीत विषाणू मोजून, ते किती बॅक्टेरिया मारतात याचा वर्षभरातला हिशेब मांडला आहे. पावसाचं आणि उन्हाळ्याचं चित्र वेगवेगळं दिसतं. जी खाडी आपल्याला पुलावरून जाताना कायम तशीच वाटते, ती आतून दर मोसमाला नवी होत असते.

विष कुणाचं?

इथवर सगळं ‘इंटरेस्टिंग’ कॅटेगरीतलं. आता थोडं गंभीर.

कॉलरा. आपल्याकडची पटकी. वऱ्हाडातल्या कितीतरी गावांच्या वेशीवर मरीमायचं ठाणं आहे, ते या रोगाच्या धाकानं. कॉलऱ्याचा बॅक्टेरिया, व्हिब्रिओ कॉलरी, हा मुळात किनाऱ्याचा रहिवासी. नद्या समुद्राला मिळतात तिथल्या मचूळ पाण्यात, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या प्लवकांना चिकटून तो राहतो. आणि तिथले बहुतेक व्हिब्रिओ कॉलरी माणसाला कॉलरा देऊच शकत नाहीत.

मग साथ कोण पसरवतं? कोलकात्याचे डॉ. शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये दाखवलं की रोगाचं कारण या बॅक्टेरियानं सोडलेलं विष आहे. आणि १९९६ मध्ये अमेरिकेतल्या मॅथ्यू वॉल्डोर आणि जॉन मेकालानोस यांनी त्या विषाचा उगम शोधला. त्या विषाचा जीन बॅक्टेरियाचा नाहीच. तो एका फेजचा आहे! हा फेज बॅक्टेरियाला मारत नाही, त्याच्या डीएनएत जाऊन बसतो आणि येताना विषाचा फॉर्म्युला घेऊन येतो. साध्याभोळ्या बॅक्टेरियाला हत्यार पुरवणारा दलाल म्हणजे हा विषाणू.

आणि त्याच कॉलऱ्याला आवरणारेही फेजच. ढाक्याच्या पाण्याचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. पाण्यात कॉलऱ्याला मारणारे फेज कमी असतात तेव्हा साथ येते. साथ वाढली की रुग्णांच्या पोटातूनच फेज वाढून पाण्यात येतात आणि साथ उतरायला मदत होते. यातल्या एका फेजनं तर कमाल केली. बॅक्टेरियाचं संरक्षण मोडून काढायला त्यानं क्रिस्पर नावाची जीन कापायची कात्री जवळ बाळगली आहे. ती कात्री मुळात बॅक्टेरियांनी फेजविरुद्ध बनवलेलं हत्यार! हे २०१३ मध्ये उघड झालं.

हे सगळं ढाक्यात आणि कोलकात्यात, असं म्हणून सोडून देऊ नका. जुलै २०२२ मध्ये अमरावती जिल्ह्यात, मेळघाटातल्या पाचडोंगरी आणि कोयलारी या गावांत कॉलऱ्याची साथ आली. दूषित पाण्यानं माणसं दगावली. अमरावती जिल्हा म्हणजे आमच्या धनजवाल्या मित्राच्या तालुक्याचा शेजार. समुद्र शेकडो किलोमीटर लांब, पण मुळात किनाऱ्यावरचा बॅक्टेरिया, त्याच्या पोटात एका विषाणूचं विष, आणि वऱ्हाडातली विहीर. हा प्रवास तो माणसांबरोबर, गळक्या पाइपांबरोबर, उघड्या नाल्यांबरोबर करतो.

विहिरीत टाकलेलं औषध

फेज वापरून कॉलरा बरा करता येईल, ही कल्पना नवी नाही. १८९६ मध्ये अर्नेस्ट हँकिननं आग्र्याहून लिहिलं की गंगा-यमुनेच्या पाण्यात कॉलऱ्याचे जंतू फार टिकत नाहीत. ती फेजची करामत होती की आणखी कशाची, यावर आजही वाद आहे. १९२७ मध्ये स्वतः देरेल भारतात आला आणि पंजाबातल्या रुग्णांवर त्यानं फेज वापरून पाहिला. काही गावांत तर विहिरींतच फेज टाकला. पुढे पेनिसिलिन आलं, गोळ्या-इंजेक्शनं आली आणि फेज अडगळीत गेला. जॉर्जियाच्या तिबिलिसीतल्या एलियावा संस्थेसारख्या मोजक्या ठिकाणी तेवढा तो जिवंत राहिला.

आज तो परत चर्चेत आहे, कारण गोळ्या हरायला लागल्यात. साध्या सर्दीवर अँटिबायोटिक घेणारे आपण, कोर्स अर्धवट सोडणारेही आपणच. औषधाला दाद न देणारे जंतू आयसीयूत ठाण मांडून बसलेत. २०१६ मध्ये सॅन डिएगोत टॉम पॅटरसन हे प्राध्यापक अशाच जंतूमुळे कोमात गेले होते. त्यांच्या पत्नी स्टेफनी स्ट्रॅथडी स्वतः साथरोगतज्ज्ञ. त्यांनी जगभर मेल टाकून त्या नेमक्या जंतूला मारणारे फेज मिळवले, आणि पॅटरसन बरे झाले. ते फेज रक्तात सोडण्याइतके शुद्ध करायला मदत कुणी केली? ज्या प्रयोगशाळेनं २००२ मध्ये सॅन डिएगोच्या बीचवरचं दोनशे लिटर पाणी वाचलं होतं, तिनंच! ‘असल्या संशोधनाचा उपयोग काय?’ असं विचारणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट सांगा.

इथेच वैविध्याची किंमत कळते. अँटिबायोटिक म्हणजे लाठीमार, समोर येईल त्याला. फेज म्हणजे नेम धरून. एक फेज एका जातीच्या, अनेकदा त्यातल्याही ठरावीक वाणाच्या बॅक्टेरियालाच मारतो. म्हणजे प्रत्येक जंतूसाठी वेगळा फेज शोधावा लागतो. जितके प्रकार आपल्याला माहीत, तितक्या किल्ल्या आपल्या जुडग्यात. कोळंबीच्या तळ्यांतही हाच विचार चालू आहे. व्हिब्रिओच्या रोगानं तळीच्या तळी बसतात, आणि अँटिबायोटिक ओतलं तर माल एक्स्पोर्टला नापास होतो. म्हणून फेजवर प्रयोग सुरू आहेत.

दुसरी बाजूही सांगायला हवी. फेज जीन इकडचे तिकडे नेतात. शहराचं सांडपाणी प्रक्रिया न करता खाडीत सोडलं की औषधाला न जुमानणारे बॅक्टेरिया आणि समुद्रातले बॅक्टेरिया एकत्र येतात. अशा गर्दीत कुठला जीन कुणाच्या हाती लागेल याचा नेम नाही. कॉलऱ्याला विष असंच मिळालं होतं. तेव्हा नाला खाडीत गेला की विषय संपला, असं समजू नका.

आणि धनज?

हे सगळं मित्राला सांगितलं. तो म्हणाला, “म्हंजे आमच्या गावाचा नि समुद्राचा संबंध हाये तं!” आहे की! धनजच्या शिवारात पडलेला पाऊस ओढ्यानाल्यांतून शेवटी वर्धा नदीला मिळतो, वर्धेतून प्राणहितेत, प्राणहितेतून गोदावरीत आणि गोदावरीतून थेट बंगालच्या उपसागरात. शेतातली माती, खत, फवारणी, त्यातले बॅक्टेरिया आणि त्यांचे फेज, सगळे त्या प्रवासात असतात. तो गोव्यात ज्या अरबी समुद्राचं पाणी प्यायला तो त्याच्या गावचा समुद्रच नव्हता. त्याचा समुद्र दुसऱ्या बाजूला आहे!

यंदा दिवाळीला घरी गेला तेव्हा त्यानं दोन कामं केली म्हणे. एक, विहिरीचं पाणी तपासायला दिलं. आणि दोन, पुढच्या ट्रिपचं तिकीट काढलं. अर्थात पूर्व किनाऱ्याचं.

कॉफी ब्रेकमध्ये भाव खायला...

* जगातल्या समुद्रांत एकूण विषाणू किती? अंदाजे एकावर तीस शून्यं.
* ते सगळे एकापुढे एक ठेवले तर रांग एक कोटी प्रकाशवर्षं लांब होईल, असा एक हिशेब आहे.
* बहुतेक फेज मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागापेक्षाही लहान. साध्या मायक्रोस्कोपमधून दिसत नाहीत, पण चमकणारा रंग लावला की ठिपक्यांसारखे मोजता येतात.
* समुद्रात सगळ्यात जास्त संख्येनं असणाऱ्या बॅक्टेरियांपैकी एक म्हणजे सार-११. त्याला गाठणारे फेज सापडायला २०१३ साल उजाडावं लागलं, आणि सापडले तेव्हा ते जगभरच्या समुद्रांत पसरलेले निघाले!